पुतळाबाईच्या बारा म्हशी

माझा धाकटा दीर बहिरू म्हशी भादरायचा. पोटासाठी नाही, हौसेनं. सायखेड्यात त्या काळी कुणी कबुतरं पाळायचं, कुणी तमाशामागं गावोगाव हिंडायचं. त्या मानानं बहिरूची हौस स्वस्तातली होती. एक वस्तरा, साबणाची वडी आणि समोर एक म्हैस, एवढ्यावर तो दिवस काढायचा.

अख्खा दिवस म्हणजे खरोखरच अख्खा. सकाळचं दूध काढून झालं की म्हशीला गोदावरीवर न्यायचा आणि आधी तासभर नुसतं डुंबू द्यायचा. मग काठावर उभी करून शिंगांच्या मधे खाजवत बोलायला लागायचा. "काय गं, आज फुगलीस का? रेडकू नीट पितंय ना?" म्हैस डोळे मिटून घ्यायची. मग साबण, मग वस्तरा. मानेपासून सुरुवात, पाठीवरून शेपटीकडे. पोटाखालचं करायला तो चिखलात सरळ आडवा व्हायचा. इतर कुणी असं आडवं झालं असतं तर म्हशीनं पाय दिला असता. बहिरू असला की मात्र ती पाय जपून ठेवायची. सगळं झालं की मागच्या मांडीवर थोडे केस राखून तो एक मोर काढायचा. पिसाऱ्यासकट. त्या मोरालाच दोन तास लागत.

ज्याची म्हैस तो एक कप चहा पाजायचा. बहिरू तेवढ्यात खूश. मॅट्रिकला दोनदा आपटला होता आणि वय एकवीस झालं होतं, पण म्हशीवरून हात फिरवून लांब उभा राहिला की एखाद्या मामलेदारासारखा दिसायचा.

एकोणऐंशी सालच्या पावसाळ्यात आमचा कांदा साठवणीच्या चाळीत सडला. मी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, आम्ही दोघी आठ दिवस चाळीत बसून कांदा निवडत होतो. वरून धडधाकट दिसणारा कांदा हातात घेतला की बोट आत जायचं. तो वास हाताला इतका बसला की भाकरी थापली तरी भाकरीला लागायचा. आत्याबाईंचं नाव कुसाबाई, आणि जीभही तशीच टोचणारी. पण त्या आठ दिवसांत त्या फारसं बोलल्या नाहीत, त्यावरून काय ते समजावं.

आमचे हे, सावळीराम, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात राख उपसायच्या कामावर होते. तिकडंच चार कामगारांत खोली करून राहायचे आणि सुटीला सायकलीनं घरी यायचे. त्या सुटीला आले, चाळ बघितली, आणि हातपाय न धुता ओट्यावर बसले.

"बहिरू कुठंय?"

"नदीवर," मी म्हणाले.

"म्हैस कुणाची?"

"लताबाईंची."

लताबाई म्हणजे आमच्या शेजारीण. ह्यांनी डोक्याची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टोपी काढली की पुढं भांडण असायचं.

बहिरू दिवेलागणीच्या आधी आला. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला म्हशीचे केस, चेहरा प्रसन्न.

"कोळशाच्या यार्डात माणसं घेतायत," हे म्हणाले. "ठेकेदाराशी बोललोय मी. सोमवारपासनं चल."

"दादा, मी धंदा करणार हाय."

"कशाचा?"

"म्हशी भादरायचा."

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांच्या हातातली फुंकणी खाली पडली.

"आपल्या घरात आजवर कुणी वस्तरा धरला नाय," हे म्हणाले. "लोक तोंडावर म्हणतात मला, तुमचा भाऊ हजामती करतो. तेबी म्हशींच्या!"

"फुकट करतो म्हणून म्हणतात. पैसे घेतले की नाय म्हणणार. ज्याच्यात जीव रमतो तेच काम करावं माणसानं. यार्डात कोळशाशी काय बोलू मी?"

"कोळशाशी बोलायचं नसतं रे बाबा, तो उचलायचा असतो!"

दोघांचं असं बरंच चाललं. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "सावळ्या, दिवाळीपतोर करू दे त्याला. कांदा सडवून आपण तरी कुठला मोठा धंदा केला?" तेव्हा ह्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. ठरलं ते असं: भाऊबीजेपर्यंत बहिरूनं आपला धंदा उभा करून दाखवायचा. नाही जमलं तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निमूटपणे कोळशाच्या यार्डात.

दुसऱ्या दिवसापासून बहिरूनं गावात सांगितलं की आता एका म्हशीचे तीन रुपये. आणि त्या दिवसापासून सायखेड्यातल्या एकाही म्हशीला केस नकोसे होईनात.

सगळ्यात आधी लताबाई आमच्या ओट्यावर आल्या. "पैसे? अरे, तू नागडा हिंडायचास तेव्हा तुला ह्या हातानं आंघोळी घातल्यात मी. त्याचे किती झाले ते सांग आधी."

"काकी, तवा मी बोलावलं होतं का तुम्हांला?"

"आणि माझ्या म्हशीनं तुला बोलावलं होतं का? तूच आलास वस्तरा घेऊन!"

वाटेत भेटला की लोक विचारायचे, "काय बहिरू, म्हशीला तीन केलेत म्हणे, मग रेडकाला अर्धं तिकीट का?" एकानं तर आपल्या टकलावर हात फिरवून विचारलं, "माझं किती पडंल?" बहिरू हसण्यावारी न्यायचा, पण जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा.

त्याला वस्तरा धरायला शिकवला होता तो गावच्या सहादू न्हाव्यानं. सहादूभाऊ पन्नाशीचे, बोलायला सावकाश. ते एकदा बहिरूला म्हणाले, "गावात धंदा व्हायचा नाय तुझा. मला बी गाव रोख देत नाय, सुगीला धान्य देतं, ते बी माप मारून. ज्यांनी तुला फुकट बघितलाय, त्यांच्या डोळ्यांला तू फुकटच दिसणार. लांबचं गिऱ्हाईक बघ."

लांबचं गिऱ्हाईक दसऱ्यानंतर आपण होऊन आलं. सायखेड्याहून एकलहऱ्यावरून नाशिकरोडला जाणाऱ्या रस्त्यावर, एकलहऱ्याच्या जरा अलीकडं पुतळाबाईंचा गोठा होता. बारा म्हशी, आणि हाताखाली एकही गडी महिनाभराहून जास्त टिकत नसे. त्या लताबाईंच्या नात्यातल्या. लताबाईंकडं सहज आल्या, आणि फुकट भादरलेली ती शेवटची म्हैस त्यांनी बघितली. केस थोडे वाढले होते, तरी कातडी कशी चकचकत होती. पुतळाबाईंनी म्हशीभोवती दोन फेऱ्या मारल्या, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि म्हणाल्या, "कुणाचा हात हा?"

बहिरूला बोलावलं. तो लुंगीला हात पुसत उभा राहिला.

"पाडव्याला शहरात म्हशी मिरवतात, ठाऊक हाय ना? दरसाल माझ्या म्हशी केसाळ अस्वलासारख्या दिसतात आणि पलीकडच्या गोठ्याची ती सखुबाई तोंडाला पदर लावून हसते. ह्या साली सखुबाई हसली नाय पायजे. बारा म्हशी. पाडव्याच्या दुपारी तीनला निघायचं. करशील?"

"करीन. दोन दिवस आधी येतो. रोजच्या सहा."

मी दारात उभी होते. त्यानं आयुष्यात एका दिवसात एकीच्या वर म्हैस केली नव्हती. पुतळाबाई गेल्यावर मी म्हणाले, "भाऊजी, सहा?"

"वयनी, आता धंदा हाय. हात उचलीन की."

नरकचतुर्दशीला पहाटेची आंघोळ उरकून तो पहिल्या एसटीनं गेला. आम्ही आपल्या करंज्या तळत होतो. पुतळाबाईंनी त्याला गोठ्यातच राहायला जागा दिली होती, म्हणून त्या दिवशीचं काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. ऐन दुपारी, मी ओट्यावर रांगोळी घालत होते, तर बहिरू समोर उभा. हातात वस्तऱ्याची पिशवी, आणि तोंड असं की मला वाटलं म्हैस मेली.

"झाल्या बारा?" आत्याबाई घाईनं बाहेर आल्या.

"तीन."

"आन् बाकीच्या?"

"आज पहाटे साबण लावला आन् वस्तरा उघडला, तर म्हातारी काठी घेऊन आडवी. म्हणली, आज अमावास्या. माझ्या लक्ष्म्यांना अमावास्येला वस्तरा लावशील तर हात मोडून देईन."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मीही. लक्ष्मीपूजन अमावास्येला असतं हे शेंबड्या पोराला माहीत. अमावास्येला वस्तरा लावायचा नाही हेही माहीत. दोन्ही गोष्टी बहिरूला आणि आम्हां सगळ्यांनाच माहीत होत्या, फक्त त्या एकाच दिवशी येतात हे इतके दिवस कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"मी म्हणलं तिला, मावशी, अमावास्या माणसांना, म्हशीला कुठलं पंचांग? तर म्हणती, म्हशीला नाय कळत पण मला कळतं, आन् म्हैस माझी हाय."

"खरंच हाय तिचं," आत्याबाई म्हणाल्या. "आन् काल दिसभरात तीनच का?"

बहिरू खाली बघत म्हणाला, "मोर काढले."

भिंतीवरचं कॅलेंडर आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, तरी त्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सुले, अमावास्या कवा सुटते बघ."

"पहाटे सुटते, आत्याबाई. उजाडायच्या आधी," मी वाचून सांगितलं.

"मग उजाडायच्या आधी आपण तिथं. सहादूला सांगून ये, त्याला बी चल म्हणावं. त्याचं शिकवणं हाय, त्यानंच निस्तरावं."

पाडव्याला बायकोनं नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालायचं आणि ओवाळायचं असतं. हे रात्रपाळी करून सकाळी घरी यायचे होते. मी तसं म्हणाले, तर आत्याबाई म्हणाल्या, "त्याच रस्त्यानं येतो ना तो? वाटेत धरू."

पहाटे निघालेला एक दुधाचा टेम्पो सहादूभाऊंच्या ओळखीचा होता. त्यात कॅनांच्या मधे अंग चोरून बसून आम्ही चौघं पुतळाबाईंच्या गोठ्यावर पोचलो. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. नऊ केसाळ म्हशी एका रांगेत, आणि पलीकडं तीन गुळगुळीत, प्रत्येकीच्या मांडीवर मोर. पुतळाबाई बाजेवर बसून पान लावत होत्या. आम्हांला बघून म्हणाल्या, "ही वरात कुणाची?"

"आमच्या पोराची," आत्याबाई म्हणाल्या आणि पदर खोचला.

बहिरूनं पहिल्या म्हशीच्या शिंगांमधे हात घातला आणि बोलायला सुरुवात केली. "काय गं बाय, झोप झाली का?"

"ती झोपली का जागली ते दुपारी तीननंतर इचार!" आत्याबाई ओरडल्या. "वस्तरा उचल!"

आत्याबाईंनी पाणी मारायचं, मी साबण चोळायचा, बहिरू आणि सहादूभाऊंनी दोन बाजूंनी भादरायचं. साबणानं माझ्या हाताच्या भेगा चरचरायला लागल्या. म्हशीच्या शेपटीचा एक ओला फटका तोंडावर बसला तेव्हा माझं कुंकू गालापर्यंत गेलं. आठ वाजेपर्यंत दोन झाल्या. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि घाबरून तो अर्धवट सोडून दिला.

तेवढ्यात रस्त्यावर सायकल करकचून थांबली. आमचे हे. अंगभर राख, डोळे तेवढे लाल. त्यांनी बघितलं: बायको साबणात, आई बादलीशी, भाऊ म्हशीखाली आणि गावचा न्हावी म्हशीवर ओणवा.

"आई! हे काय चाललंय?"

"धंदा," आत्याबाई म्हणाल्या. "सायकल लाव आन् धर ही बादली."

"मी? रस्त्यावर? लोक बघतायत."

"तू धंदा बघायला मागत होतास ना? मग जवळून बघ."

ते जागचे हलेनात. तेव्हा सहादूभाऊ सरळ झाले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सावळीरामभाऊ, एक इचारू? दर आठ दिसाला माझ्यापुढं बसून तुम्ही दाढी करता. गाल माझ्या हातात देता. तवा लाज नाय वाटत. मग हाच वस्तरा भावाच्या हातात गेला की कशाची वाटती?"

हे राखेतल्या राखेत लाल झाले. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, बाह्या सरसावल्या आणि बादली उचलली.

आणि नेमकी तेव्हाच रात्रपाळीची बाकीची माणसं सायकलींवरून जायला लागली. घंट्या वाजू लागल्या.

"काय सावळीराम, बदली झाली का?"

"बोनस म्हशीत मिळाला वाटतं!"

"आमच्या दाढ्या पण करशील का रे?"

पहिली दहा मिनिटं हे मान खाली घालून होते. मग त्यांच्यातला कामगार जागा झाला. पाणी मारता मारता त्यांनी बघितलं की सहादूभाऊ साबणासाठी थांबतात आणि मी पाण्यासाठी थांबते. "थांबा," ते म्हणाले. "असं नाय चालायचं. आई, तू एकदम तीन म्हशी भिजवून ठेव. सुले, तू मागनं साबण. सहादूभाऊ डावी बाजू, बहिरू उजवी. पोट आन् पाय मी करतो. कुणी जागा सोडायची नाय. पुतळामावशी, तुम्ही तेल चोळा."

"मी?" पुतळाबाईंच्या हातातलं पान गळालं.

"म्हशी कुणाच्या हायेत?"

पुतळाबाई उठल्या. त्यांना असं उठवणारा माणूस पहिल्यांदाच भेटला असावा.

मग मात्र काम धावायला लागलं. सहादूभाऊंनी ह्यांना वस्तऱ्याचा कोन एकदा दाखवला, पुन्हा दाखवावा लागला नाही. म्हैस पुढं सरकायची, मागनं दुसरी यायची. मधेच बहिरू एका म्हशीच्या मांडीपाशी अडखळला, केस राखायला लागला, तर हे ओरडले, "मोर नको! पुढची आलीय!" बहिरूनं वस्तरा सरळ खाली ओढला.

अकराच्या सुमाराला पुतळाबाईंनी गूळपोहे दिले. आत्याबाईंनी त्यांच्याकडून तेलाची वाटी आणि ताम्हण मागून घेतलं. म्हणाल्या, "सुले, पाडवा हाय. नवऱ्याला तेल लाव." ह्यांना गोठ्याच्या हौदापाशी बसवून मी डोक्यावर तेल घातलं, तर राख आणि तेलाचं काळं पाणी कपाळावरून वाहायला लागलं. ओवाळताना शेजारच्या म्हशीनं मान लांब करून ताम्हणातल्या अक्षता खाल्ल्या. हे हसले. पावसाळ्यापासून पहिल्यांदाच हसताना बघितले मी त्यांना.

दोनला नववी म्हैस झाली. पुतळाबाईंनी बाराही रांगेत उभ्या केल्या, लांब गेल्या, डोळ्यांवर हात धरून बघितलं. शेंदूर, मोरपिसं, गळ्यात झेंडूच्या माळा. नऊ म्हशी उन्हात आरशासारख्या चमकत होत्या. त्यांचा चेहरा फुलला. मग त्या पहिल्या तिघींपाशी आल्या आणि ओठ मुरडले.

"हे मांडीवर काय राहिलंय?"

"मोर हाय, मावशी," बहिरू म्हणाला. "नीट बघा. हा पिसारा, ही चोच."

"जवळनं मोर दिसतो रे. मिरवणुकीत लांबनं बघणाऱ्याला वाटंल खरूज झालीय. सखुबाईला तेवढंच पायजे. काढून टाक बाबा."

हे वस्तरा घेऊन पुढं झाले, पण बहिरूनं त्यांचा हात धरला. "मी करतो." त्यानं थोडा साबण लावला आणि तिन्ही मोर स्वतःच्या हातानं काढले. एकेकाला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

मिरवणुकीत सखुबाई हसली नाही. उलट तिनं पुतळाबाईंना विचारलं म्हणे, कुणाकडनं करून घेतल्या. संध्याकाळी पुतळाबाईंनी ठरल्याप्रमाणे सगळे पैसे दिले, वर ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दर महिन्याला माझ्या बारा. सखुबाईच्या चौदा. आणखी दोन गोठे मी सांगते."

परत येताना एसटीत हे माझ्या शेजारी बसले. सायकल टपावर. सगळा रस्ता बोटं मोडत होते. "सुले, चार गोठे म्हणजे पन्नासएक म्हशी. दोन माणसं हाताखाली ठेवली तर? बहिरूच्या हातात काय गुण हाय, आपण ओळखलाच नाय. कसला कोळसा न् कसलं यार्ड!"

पुढच्या सीटवर बहिरू खिडकीशी डोकं टेकून बसला होता. झोपलाय असं वाटलं मला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी हे सकाळी उठले, आंघोळ करून नवा सदरा घातला आणि बाहेर आले तर बहिरू ओट्यावर तयार. पायात चपला, हातात भाकरीचं फडकं.

"कुठं निघालास?"

"यार्डात. तुमीच म्हणला होता."

"अरे, पण ते धंदा नाय जमला तर! तू तर जमवलास. मी आज सखुबाईकडं जाणार हाय तुझ्यासाठी."

"मला नाय करायचा, दादा."

"आरं येड्या, हाताशी आलेलं असं कुणी लाथाडतं का? तुझीच हौस ना ती? तूच म्हणला होतास ना, ज्याच्यात जीव रमतो ते करावं?"

"हौस हाय म्हणूनच."

"म्हंजे?"

बहिरूनं माझ्याकडं बघितलं. "वयनी, आजवर गावातल्या ज्या म्हशीला हात लावला, तिचं नाव, तिचा सोभाव, तिची किती वेतं झाली, सगळं सांगीन मी. परवा नऊ म्हशी केल्या. त्यांतल्या एकीचंबी तोंड मला आठवत नाय. निस्ती उजवी बाजू आठवती."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन लोणच्याची एक फोड आणली आणि त्याच्या फडक्यात बांधून दिली.

"आन् त्या पन्नास म्हशी?" हे म्हणाले. आवाज अगदी रडवेला. "मी शब्द देऊन बसलोय पुतळाबाईला."

"तुमी करा. तुमचा हात चांगला हाय. सहादूभाऊ बी हायेत."

आणि तसंच झालं. बहिरू यार्डात लागला. हे आपली पाळी सांभाळून सुटीच्या दिवशी सहादूभाऊंबरोबर गोठे करू लागले, आणि पुढच्या वर्षी चाळीवर नवे पत्रे आले. वीज केंद्रातले लोक ह्यांना काही बोलेनासे झाले, कारण त्यांतले दोघं ह्यांच्याच हाताखाली साबण लावायला येऊ लागले होते.

बहिरूला सुटी असली की तो काळाकुट्ट होऊन घरी यायचा, आंघोळ करायचा आणि लताबाईंची म्हैस सोडून नदीवर जायचा. फुकट. एकदा हे एक गोठा उरकून परत येताना मुद्दाम काठावर सायकल उभी करून बघत राहिले. मी कपडे धूत होते. ऊन कलायला आलं होतं आणि बहिरूचा मोर अजून मानेपर्यंतच झाला होता.

"किती वेळ लावतोस रे?" ह्यांना राहवेना. "एवढ्यात मी पाच केल्या असत्या."

बहिरूनं म्हशीच्या मांडीवरून नजर काढली नाही. "ठाऊक हाय," तो म्हणाला. "हळू बोला. आताच डोळा लागलाय तिचा."

ह्यांनी चिडून घंटी वाजवायला हात उचलला. म्हैस उभ्या उभ्या खरंच झोपली होती. मग त्यांनी हात खाली घेतला, सायकल उचलून दगडांवरून चार पावलं लांब नेली, आणि तिथून पुढं चालवायला लागले.